कडक भाकरी, कावळे आणि शैलजाची बेस गिटार

बारा वर्षे माझी पत्नी स्वतःच्या घरात हेडफोन लावून गिटार वाजवत होती. माझ्यामुळे.

आज शैलजाला जाऊन एक वर्ष झाले.

शैलजा शाळेत गणित शिकवत असे. चाळिशीत तिने बेस गिटार घेतली. जाड चार तारांची, घुमणाऱ्या आवाजाची.

दर रविवारी तिघांचा सराव असे. रेहाना तिची शाळेतली सहकारी. ती गात असे आणि दुसरी गिटार वाजवत असे. ड्रमवर श्रीनिवास. त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. त्याच्याच गोदामात तिघे जमत. आजूबाजूला यंत्रमाग खडखडत असल्यामुळे तक्रार करणारे तेथे कोणी नव्हते.

तक्रार घरी होती.

पहिल्याच आठवड्यात, ऑफिसातून आल्यावर, मी तिला म्हणालो होतो, "जरा आवाज कमी करता येईल का?"

दुसऱ्या दिवशी तिने हेडफोन आणले. मी तिचे आभारही मानले.

त्यानंतर मला ऐकू येई ती केवळ तारांवरच्या बोटांची टकटक. रॉक म्हणजे गोंगाट, असे माझे मत होते, आणि ते तपासून पाहण्याची गरज मला वाटली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, श्रीनिवासकडून टॉवेल घेणाऱ्या कोकणातील एका रिसॉर्टच्या मालकाने तिघांना समुद्रकिनाऱ्यावर वाजवायला बोलावले. जेवणाची आणि सामानाची जबाबदारी मी घेतली.

मी चाळीस कडक भाकऱ्या बांधून घेतल्या. सोबत शेंगाचटणी. आपल्याकडे कडक भाकरी महिनाभर टिकते, प्रवासाला याहून खात्रीचे काही नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली तर सर्व भाकऱ्या मऊ पडलेल्या. समुद्राच्या दमट हवेचा विचार मी केलाच नव्हता.

रेहानाने एक भाकरी टोकाला धरून उचलली. ती लोंबली.

"दाजी, ये भाकरी है की टॉवेल? श्रीनिवास के कारखाने से लाए क्या?"

"मालकाला हेच देऊन टाकू की," श्रीनिवास म्हणाला. "ऑर्डर पूर्ण!"

शैलजा वाळूत बसून डोळे पुसत हसत होती. "अहो, उन्हात घाला. सोलापूरचं ऊन नाही हे, पण बघू की."

ऊन सर्वांत जास्त वेळ राहील अशी जागा शोधून मी तेथे चादर पसरली. ती जागा नेमकी स्टेजला लागून निघाली. पाच मिनिटांत कावळे आले. मी छत्री घेऊन राखणीला उभा राहिलो.

वास्तविक, कार्यक्रम सुरू होताच खोलीवर जाऊन वाचत पडायचे, असे माझे ठरलेले होते. कावळ्यांमुळे जाता आले नाही.

अशा रीतीने, लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाल्यावर, मी माझ्या पत्नीचे वाजवणे प्रथमच नीट ऐकले.

पहिला स्वर थेट छातीत लागला.

शैलजा अनवाणी होती. डोळे मिटलेले. मी झोपलो असेन तर कपाटाचे दारसुद्धा दोन्ही हातांनी लावणारी ही बाई, सारा किनारा घुमेल एवढा आवाज करत होती. आणि तिला कोणाचीही भीड वाटत नव्हती.

माझी छत्री केव्हा खाली आली, ते मला कळले नाही.

कावळ्यांनी सहा भाकऱ्या नेल्या.

संपल्यावर ती घामाघूम होऊन माझ्याकडेच आली. "कसं वाटलं?"

मी म्हणालो, "उरलेल्या भाकऱ्या वाळल्या."

"या अल्ला!" रेहाना ओरडली. "बीवी इत्ता अच्छा बजाई, हौर तुमे भाकरी की बातां करते?"

सगळे हसले. शैलजाही हसली.

पण हसण्याआधी ती क्षणभर थांबली होती. ते मी पाहिले.

घरी गेल्यावर सांगू, असे मी ठरवले. मला वाक्य नीट जुळवून बोलण्याची सवय आहे. परतताना सोलापूरच्या अलीकडचे मोहोळ येईपर्यंत वाक्य तयारही झाले होते.

'हेडफोन काढून वाजवत जा.'

चार शब्द. मग ऑफिस सुरू झाले, मग मार्चअखेर आली.

जूनमध्ये तिच्या आजाराचे निदान झाले. उपचारांनी बोटांच्या टोकांची संवेदना गेली. तार दाबता येईना. गिटार कपाटावर गेली.

शेवटी एका दुपारी मी ती खाली काढली, पुसली, पलंगावर तिच्या मांडीवर ठेवली. ती स्पीकरला जोडली आणि त्यातली हेडफोनची पिन स्वतःच्या हाताने उपसली.

"हे काय करायलाय तुम्ही?"

"असेच वाजव."

"आत्ता? अहो, बोटांत काही राहिलं नाही."

"येईल तेवढे."

दाबता येत नसली, तरी तार नुसती छेडता येत होती. तिने अंगठ्याने सर्वांत जाड तार छेडली. शोकेसमधल्या कपबश्या किणकिणल्या.

"बघा, तुमच्या कपबश्या नाचायल्यात. शेजारचे येतील की."

"येऊ देत."

तिने तारेवर तळवा ठेवून आवाज थांबवला.

"तिथं समुद्रावर आवडलं होतं का तुम्हाला?"

"हो."

"मग तेव्हा भाकऱ्यांचं काय काढलंत?"

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. तिने पुन्हा तार छेडली.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. त्यांपैकी चौदा दिवस तिने वाजवले. एकच तार, पाच-दहा मिनिटे. मी समोरच्या खुर्चीत बसत असे. हातात वर्तमानपत्र न घेता.

रेहाना, श्रीनिवास, तुम्ही दोघे वर्षभर नियमाने घरी येता आणि माझ्यासमोर तिच्या गिटारचा विषय जपून टाळता. दाजींना आवडत नसे, असे तुम्हाला वाटते.

कृपया टाळू नका. मला दुसरा कोणताही विषय नको आहे.

येत्या रविवारी मी गोदामात येऊन बसलो तर चालेल का?

शैलजा, तुला सांगायला मी फार वेळ लावला. क्षमा कर.

उशिरा आलेल्या तुझ्या श्रोत्याचा मनःपूर्वक नमस्कार.