कॅलेंडरातल्या मठाचं पाणी

आमचं लग्न ठरवायला नाना, म्हणजे माझे सासरे, पहिल्यांदा पुण्याच्या घरी आले, तेव्हा बाबांनी रीतीप्रमाणे "काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा" असं म्हटलं. नानांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठल्या टाकीवरून येतं?" बाबांना ते ठाऊक नव्हतं. मग दोघे गच्चीवर जाऊन पाइप बघत बसले. खाली येईपर्यंत चहा गार झाला होता, पण दोघांची चांगलीच गट्टी जमली होती.

नाना सांगलीला पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होते. नोकरी संपली, प्रश्न संपला नाही. किल्ला असो, देऊळ असो, कुणाचा नवा बंगला असो, लोक दाराची नक्षी बघायचे आणि नाना विचारायचे, "पाणी कुठून?" सासूबाई, ज्यांना मीही आईच म्हणते, वैतागून म्हणायच्या, "यांना स्वर्गात नेलं तरी आधी नळ शोधतील." नानांना यात काही गैर वाटायचं नाही. ते म्हणायचे की तिथेही गर्दी आहेच, पाणी लागणारच.

या सवयीतूनच त्यांना इंग्लंडमधला एक ख्रिस्ती मठ भेटला. त्यांच्या ऑफिसात विलायती पंपांच्या कंपनीचं एक कॅलेंडर होतं, त्यावर त्या पडक्या मठाचं चित्र. छप्पर नाही, उंच कमानी, त्यांच्यातून दिसणारं आभाळ, आणि पुढे नदी. वर्ष संपलं, तारखा फाडून झाल्या, पण चित्र भिंतीवरच राहिलं. निवृत्तीनंतर ते घरी आलं आणि देवघराशेजारी लागलं. आईंनी त्यावर बरीच वर्षं नाराजी नोंदवली.

मी आणि मंदार जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आलो, तसे नाना-आई दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायचे. बाल्कनीत बसून नाना मला त्या मठाची गोष्ट सांगायचे. शेजाऱ्यांकडून उचललेल्या 'आल्झो'ने, म्हणजे 'तर मग'ने, सुरुवात करायचे. आल्झो, हे संन्यासी गावापासून लांब, पाणी बघून जागा निवडत. सगळीकडे नकाशा एकच. देवळाचं तोंड पूर्वेला, त्याच्या दक्षिणेला चौक, चौकापलीकडे जेवणघर, आणि खालून वाहतं पाणी. मग राजाचं धर्मगुरूशी बिनसलं, त्याने मठ बंद केले आणि छपरांवरचं शिसं उतरवून नेलं. इथे नाना हळहळायचे. "छप्पर गेलं की उरलेलं काम पाऊस फुकट करतो," ते म्हणायचे. मागाहून आसपासच्या लोकांनी दगडही नेले. त्या लोकांवर मात्र त्यांचा राग नव्हता. चांगला घडवलेला दगड नुसता पडून राहावा, हे त्यांनाही पटत नव्हतं.

एकदा तरी त्या मठात उभं राहून पाणी आत कसं यायचं ते बघायचं, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली. मंदारने ती मनावर घेतली. तिकिटं काढली, हॉटेल ठरवलं, भाड्याची गाडीसुद्धा ठरवली. पडक्या भिंती बघायला एवढ्या लांब कोण जातं, असं म्हणून आई घरीच राहिल्या. विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी नानांचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि शांतपणे सांगितलं की या व्हिसावर जर्मनी, फ्रान्स सगळं चालेल, इंग्लंड नाही. त्याला वेगळा व्हिसा लागतो. मंदारने आदल्याच वर्षी, माझ्यासारखाच, जर्मन पासपोर्ट घेतला होता. व्हिसासाठी अर्धं आयुष्य रांगेत काढलेला माणूस वर्षभरात रांग विसरला होता. तो तिथेच बॅगेवर बसला. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "इथे तशाच संन्याशांचा एखादा मठ असेल की नाही?"

होता. परतताना आउटोबानचा हमरस्ता सोडून वीसेक मिनिटांवर, जंगलाच्या कडेला. तोही पडकाच. नाना आत शिरले आणि नकाशा पाठ असल्यासारखे तरातरा दक्षिणेला चालू लागले. आम्हाला चौक दाखवणार, मग जेवणघर, मग पाण्याचा पाट. भिंतीपलीकडे पाहतात तर कोरडी टेकडी. चौक नाही, काही नाही. सगळा पसारा उत्तरेला होता, आणि तिकडेच ओढा वाहत होता. नाना ओढ्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, एका दिवसात हा दुसरा धक्का. पण ते वळले तेव्हा चेहरा उजळलेला होता. "देव पूर्वेलाच राहिला, स्वयंपाकघर पाण्यामागे गेलं," ते म्हणाले. मग एकदम थांबले. "अगं, मग माझ्या कॅलेंडरातली नदी कुठल्या बाजूला आहे? मी इतकी वर्षं दक्षिणच धरून बसलोय."

मंदारने लगेच फोन काढला. दोन मिनिटांत नकाशावर दिसेल म्हणाला. नानांनी फोनवर हात ठेवला. "नको. जाऊन बघू. एक तरी गोष्ट न बघितलेली राहू दे."

पुढच्या वर्षीच्या इंग्लंडच्या व्हिसाचे कागद मंदारने सहा महिने आधीच जमवले. त्याच हिवाळ्यात नाना सांगलीला झोपेतच गेले. फार वाईट वाटलं, आणि त्यात एक विचित्र हुरहुर होती. त्यांचा प्रश्न तसाच उघडा राहिला होता. फोनवर बघायला मन धजेना.

उन्हाळ्यात आम्ही दोघं गेलो. चित्रात होत्या तशाच कमानी, तसंच आभाळ. पूर्वेची मोठी खिडकी शोधली, तिच्याकडे तोंड करून उभी राहिले, आणि नदीचा आवाज डाव्या कानाला आला. खात्री करायला पडक्या चौकातून चालत पाण्यापर्यंत गेले, हात बुडवला. बर्फासारखं गार होतं.

तिथूनच आईंना फोन लावला. पोचलात का, जेवलात का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"पाणी कुठल्या बाजूला होतं गं?"

"उत्तरेला, आई."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे चुकलेच होते. किती खूश झाले असते."