पहिल्या तोड्याची टोपली

मालकाच्या मोलकरणीनं माही टोपली कचरागाडीत उलटी केली. माह्या डोळ्यासमोर.

सकाळची वेळ. नागपुरातला मोठा बंगला, त्याचं मागचं फाटक. शिंगाड्याची टोपली देऊन मी निघाली होती. रस्त्याच्या कोपऱ्यावर ध्यानात आलं का वरचं फडकं तिथंच राहिलं. म्हणून परत फिरली. पाहते तं कचरागाडी गाणं वाजवत उभी, आन् माहे शिंगाडे तिच्यात पडून राहिले. ताजे. आदल्या दिवशी गार पाण्यात हात घालून तोडलेले. फडक्यासकट गेले.

मालकीणबाई ओट्यावर उभी होती. मोलकरणीले सांगत होती, "तो खाणीकडचा माल आहे. कोणी तोंडात घालू नका. दरवर्षी सांगावं लागतं का?"

दरवर्षी.

मंग तिनं मले पाह्यलं. लाजली नाही. हसून म्हणाली, "मनावर घेऊ नको हं. आमच्याकडे लहान बाळ आहे ना."

मी रिकामी टोपली उचलली आन् "बरं" म्हटलं. हो, बरं म्हटलं मी. मले काहीच वाटलं नाही त्या वक्ताले. राग नाही, रडू नाही. एसटीत टोपली मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर तिकीट विचारून राहिला आन् मी नुसती त्याच्या तोंडाकडे पाहून राहिली.

आम्ही ढीवर लोक. तलावात शिंगाड्याचे वेल लावणं, डोंग्यातून तोडणं, मासोळी धरणं, हीच आमची शेती. तलाव या मालकाच्या पणजोबानं बांधला, मालगुजारीच्या जमान्यात. मालगुजारी गेली, पण रीत राहिली. पहिला तोडा, म्हणजे हंगामातले पहिले तोडलेले शिंगाडे, मालकाच्या घरी. ती टोपली नागपूरले पोचल्याशिवाय गावातल्या लेकरानंही शिंगाडा फोडायचा नाही. लेकरं रडत, तरी नाही. आधी माहे सासरे टोपली नेत. त्यांचे हात थरथराले लागले, तवापासून मी नेत होती.

सासरे त्याच मालकाच्या खदानीत होते. मँगनीजची खदान. माल संपला, मालकानं मशिनी उचलल्या आन् गेला. गड्डा तसाच सोडला. काळ्या मातीचा डोंगर तसाच सोडला. दर पावसाळ्यात तो डोंगर थोडा थोडा नाल्यानं आमच्या तलावात उतरते. आधी मरळ मासोळी गेली. मंग शिंपले, गोगलगाई. बगळे अजून येतात, काठावर उभे राहतात आन् उपाशी उडून जातात. वेल तेवढा वाढत राहिला. उकडलेला शिंगाडा तसाही काळाच दिसते. कोणाले काय कळणार?

आम्ही विचारलं होतं मालकाले. तो गावात येऊन म्हणाला होता, "पाणी चांगलं आहे. थोडं लोखंड असतं त्यात, अंगाला चांगलंच." आम्हाले बरं वाटलं. मोठा माणूस खोटं काहून बोलंल?

सासऱ्याचा चेहरा आता लाकडाचा झाला. हसत नाहीत, रडत नाहीत. चालतात तं पाय जमिनीले चिकटल्यावानी. डॉक्टर म्हणते, वय झालं. असंल बाप्पा.

त्या दिवशी घरी पोचली. टोपली मालकाकडे गेली म्हणून गावात शिंगाडे सुरू झाले होते. माही लेक ओसरीवर बसून खाऊन राहिली होती. ओठ काळे. म्हणे, "आई, गोड आहेत वं."

मी तिच्या तोंडात बोट घातलं आन् घास बाहेर काढला. लेकरू भोकाड पसरून रडलं. सासू धावत आली, पोरीच्या तोंडातला घास काहून काढतं वं, म्हणून मले बोलली. तवा कुठं मले मालकीणबाईचं बोलणं उमगलं. त्याच्या घरात लहान बाळ आहे. मंग माह्या घरात काय आहे?

थोड्या दिवसांनी मालक गावात आला. त्याले खदानीची जमीन विकायची होती. तलावाले काही धक्का नाही, असं ग्रामसभेनं हात वर करून सांगायचं होतं. सरपंचानं खुर्ची टाकली. पाहुण्यापुढे उकडलेले शिंगाडे ठेवायची आमची रीत. मी उकडले, बिगर मिठाचे. थाळी नेऊन समोर ठेवली.

त्यानं थाळी बोटानं सरकवली. म्हणाला, "आज माझा उपवास आहे."

 एकादशी असो का महाशिवरात्र, उपासाच्या फराळालेच आमचा शिंगाडा बाजारात जाते. ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या शिंगाड्याच्या पिठाचा शिरा झाला, तो माणूस शिंगाड्यापुढे बसून उपास सांगत होता. मागून एक म्हातारी खुदकन हसली.

मी म्हटलं, "मालक, शिंगाडा उपासालेच खातेत. खा."

त्यानं खाल्ला नाही. मंग मी सांगितलं. कचरागाडीचं सांगितलं, दरवर्षीचं सांगितलं, बाळाचं सांगितलं. ओरडून नाही. ओरडायले अंगात काही उरलंच नव्हतं. सरपंच म्हणे, खाली बस. मी उभीच राहिली.

मालकाच्या बाजूनं हात मोजले. सरपंचाचा वर गेला. आणखी काहींचे गेले, खाली पाहत पाहत. माह्या सासऱ्याचा हात तं आपोआपच हलते. त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला, सभा उठेपर्यंत.

हात पुरले नाहीत, जमीन अजून विकल्या गेली नाही. डोंगरही हलला नाही. या वर्षी मी वेल लावला नाही, बाजारातही तलावाचं सांगून टाकलं. नवरा बुटीबोरीच्या कंपनीत लागला. गावातल्या बाया म्हणतात, हिनं आमच्या पोटावर पाय देला. देला. जे माही लेक खाणार नाही, ते बाजारातही नाही जाणार, कोणाच्याच लेकराच्या तोंडी नाही.

जुने वेल आपसूक फुटतात. त्यातले मूठभर शिंगाडे मी तोडून, वाळवून ठेवले आहेत. पहिला तोडा मालकाचाच. त्यानं गावात पाय ठेवला का थाळी त्याच्यापुढे. त्यानं सगळ्यांसमोर खाल्ला, का मी हात वर करीन.

तोवर माहा हात खाली.