सुंदरबाईची सागवानी माडी

लग्न होऊन सासरी आल्यावर पहिल्याच सोमवारी सुंदरबाईने सागवानी फळ्यांवर शेणाचं सारवण घातलं, आणि त्याच दिवशी तिने नवऱ्याचा पहिला मार खाल्ला.

तिचं माहेर गिरणाकाठचं भडगाव. तिथे घर म्हणजे मातीची जमीन, आणि मातीची जमीन म्हणजे सारवणं. जन्मात तिने लाकडाची जमीन पाहिलेली नव्हती. रावेरला तिच्या नवऱ्याचा, पितांबरचा, सागाचा धंदा होता. सातपुड्यातून गाड्या भरून ओंडके उतरायचे आणि घरामागच्या वखारीत ते चिरले जायचे. गिऱ्हाइकाला माल दाखवायचा म्हणून त्याने घराच्या माडीवर निवडक सागाच्या फळ्यांची जमीन करून घेतली होती. गादी, तक्के, पानाचं तबक आणि पायाखाली तो गुळगुळीत तांबूस साग. उभ्या रावेरात अशी माडी दुसरी नव्हती, हे तो येईल त्याला ऐकवायचा.

बऱ्हाणपूरकडचे दोन व्यापारी त्या दिवशी जिना चढून वर आले, तर माडीभर ओलं शेण. ते हसत हसत खाली उतरले. पितांबर हसला नाही. ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत तो दारात उभा राहिला, मग वर आला आणि लाकूड मोजायचा गज त्याने तिच्या पाठीवर मोडला.

"मले गिऱ्हाइकासमोर खाली पाहायले लावलं! कोठी शिकली व हे?"

"माले वाटनं, जमीन शे, सारवाले पाहिजे," ती रडत म्हणाली. तिच्या अहिराणी 'शे'ची त्याने नक्कल केली आणि पुन्हा मारलं.

शेण काढायला तिने घागरींवर घागरी पाणी ओतलं. फळ्यांनी ते पिऊन घेतलं. चार दिवसांत जोड फुगले, कडा वर आल्या, आणि मधल्या फटींतून गढूळ पाणी खालच्या धान्याच्या कणगीत ठिबकलं. त्याचा मार वेगळा झाला.

फळ्या दुरुस्त करायला जीवराम सुतार आला. म्हातारा माणूस, त्याला तिचा सुजलेला डोळा दिसला. रंधा मारता मारता तो खाली मान घालूनच बोलत राहिला. "पोरी, लाकडाले पानी दाखवायचं नाही. आधी कोरडं झाडायचं. फडकं घट्ट पिळून घ्यायचं अन रेषा जशी गेली तशी ओढायचं, आडवं नाही. काही सांडलं तं तिथल्या तिथं टिपायचं. जवसाचं तेल वर्षातून दोन खेपा दे, बस." तिने एकेक शब्द देवाच्या नावासारखा धरून ठेवला. तिला वाटलं, हे जमलं की मार संपेल.

मग ती त्या माडीमागे लागली. रोज सगळी माडी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, गुडघ्यांवर बसून. गुडघे सोलवटले, खाली चूल पेटायला उशीर व्हायला लागला, आणि भाकरी उशिरा झाली म्हणून चिमटा पाठीवर बसला. माडी सोडून आधी चूल केली, तर वर तंबाखूची राख दिसली म्हणून लाथ. दोन्ही टोकं एका हातात येत नव्हती.

हात मोडला तो एका पिंकेवरून. कुणा गिऱ्हाइकाने पानाची पिंक कोपऱ्यात टाकली होती, तिला ती दिसली नव्हती. पितांबरने तिची मान धरून तोंड त्या डागावर घासलं आणि उठता उठता तिला जिन्यावरून ढकललं. हाडवैद्याने डाव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. शेजारणी म्हणाल्या, पाय घसरला असेल. तीही तेच म्हणाली.

एका हाताने सगळी माडी होईना. खालच्या तुळयांवर फळ्या ठोकलेल्या खिळ्यांच्या ओळी माडीवरून सरळ दिसत. तिने ठरवलं, आज या दोन ओळींमधला पट्टा, उद्या पुढचा. बाकी नुसतं झाडायचं. जिन्याच्या तोंडाशी तिने गोणपाट अंथरलं, वहाणा खालीच काढायची सगळ्यांना सवय लावली, आणि कंबरेला एक कोरडं फडकं कायमचं खोचलं. पाणी भरून येताना, दिवा ठेवायला जाताना, दिसला डाग की टीप. हात बरा झाला तरी तिने हीच रीत ठेवली. कामाचा डोंगर उरला नाही. चूल वेळेवर पेटू लागली आणि माडी अशी उजळली की दिव्याची ज्योत तिच्यात हलताना दिसे. पितांबरला कधी कळलंही नाही की ती रोज एकच पट्टा पुसते.

आणि अशाच एका सकाळी, माडी आरशासारखी असताना, त्याने तिला मारलं. लिलावात त्याचा माल पडून राहिला होता, एवढंच कारण. मार खाताना ती फळ्यांकडे पाहत होती. कुठे राख नव्हती, कुठे डाग नव्हता. माडीचा नि माराचा कधीच काही संबंध नव्हता, हे तिला तेव्हा कळलं, आणि ते कळणं गजापेक्षा जास्त लागलं.

मूल होत नाही म्हणून आठ-नऊ वर्षांनी त्याने दुसरी बायको आणली. ताईबाई, फैजपूरकडची, सतरा-अठराची. सुंदरबाईने तिला पहिले दिवस सुखाने जगू दिलं नाही. ताईबाईच्या हातून ताकाचं भांडं माडीवर सांडलं, तेव्हा सुंदरबाईने तिच्या थोबाडीत मारली. मुलगी मुकाट खाली बसली आणि लुगड्याच्या पदराने ताक टिपू लागली. पदर सरकला. पाठीवर गजाचे वळ होते, काही ताजे, काही हिरवे पडलेले.

सुंदरबाईने आपल्या हाताकडे पाहिलं. मग तिने कंबरेचं फडकं काढून दिलं. "पदर खराब करू नको, माय. आठे ये. कोठे कोठे लागनं, दाखाड."

त्या दिवसापासून पट्टे दोघींत वाटले गेले. गप्पा मारत काम होई. मार मात्र थांबला नाही. आता तो कधी एकीवर पडे, कधी दुसरीवर, आणि जिच्यावर पडला नाही ती रात्री हळद उगाळी.

त्या वर्षीच्या अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ताईबाईला पाचवा महिना होता. गावात झाडाझाडाला झोके बांधले होते, पोरींची गाणी माडीपर्यंत येत होती. ताईबाईला माहेरी न्यायला तिचा भाऊ भटू दुपारी बैलगाडी घेऊन आला. पितांबर दारू पिऊन बसला होता. त्याने भटूला दारातूनच हाकललं, गाडीचे बैल काठीने झोडपून उधळून लावले. ते धरायला भटू धावत गेला. वरून हे पाहणाऱ्या ताईबाईला हुंदका फुटला. पितांबरने तो ऐकला.

तो वहाणांसकट वर चढला. वखारीतली कुऱ्हाडीची दांडी त्याच्या हातात होती. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर. रक्त डोळ्यांत गेलं तशी ती पोट दोन्ही हातांनी झाकून फळ्यांवर आडवी झाली. त्याने पाय उचलला, पोटाचा नेम धरून.

सुंदरबाई खाली मिरच्या कांडत होती. किंकाळी ऐकून ती मुसळ हातात घेऊनच जिना चढली. ते टाकावं असं तिला सुचलं नाही, आणि वर जे दिसलं त्यानंतर टाकणार नव्हती. उचललेला पाय हवेत होता. तिने दुसऱ्या पायाच्या नळीवर मुसळ घातलं. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तो कोसळला, तिचे केस धरून तिला ओढू लागला, तिच्या मनगटाचा चावा घेतला. तिने पुन्हा घातलं. मग आणखी. दारूने, वेदनेने तो ओकला आणि गप्प झाला. मुसळाच्या मिरचीने सगळ्यांचे डोळे झोंबत होते.

तो शुद्धीवर येऊन विव्हळू लागला तेव्हा ती त्याच्यावर वाकली. "आते हात उचलशी ते दुसरा पाय बी मोडसू."

भटूने बहिणीला त्याच गाडीत घालून नेलं. पितांबरला जळगावच्या दवाखान्यात हलवलं. बायकोने मारलं हे सांगायची लाज, म्हणून जिन्यावरून पडलो असं तो डॉक्टरला म्हणाला.

भाऊबंदांना मात्र खरं कळलंच. त्यांच्यातले वडीलधारे झुलाल आबा चार जाणत्यांना घेऊन माडीवर आले.

"वहाणा खाली काढा, आबा," ती म्हणाली. त्यांनी काढल्या.

"सुंदरबाई, नवऱ्यावर मुसळ उचललं?"

"बठ्ठं मीच करेल शे. ताईना काही दोष नही."

"त्याच्या पाया पडून माफी माग. विषय मिटवून टाकू."

बाजूला सरकून तिने फळ्यांवरचा डाग दाखवला. टिपायला वेळ मिळाला नव्हता, ताईबाईचं रक्त सागाने पिऊन घेतलं होतं. "ताई आठे पडेल व्हती. पोटुशी," ती म्हणाली. "तो लाथ मारी राहिंता. आते सांगा, कोना पाया पडू?"

झुलाल आबांनी डाग पाहिला. मग उठले. "तुमचं घर, तुम्ही पाहा," एवढं बोलून ते जिना उतरले.

पितांबर लंगडा होऊन परतला. जिना त्याला चढवेना, तो वखारीतल्या छपरात राहू लागला. जेवणाचं ताट त्याला वेळेवर जाई. नेणारी ते दारात ठेवी आणि हाताच्या टप्प्याबाहेर उभी राही. शिव्या शेवटपर्यंत चालल्या, पण शिव्यांनी हाड मोडत नाही. अडतीस सालच्या पावसाळ्यात तो पटकीने गेला.

ताईबाई मुलगी घेऊन सासरी आली होती. मंदा दोघींना आई म्हणत वाढली. छेचाळीस साली धुळ्याहून तिला स्थळ आलं. माणसांचा मोठा बारदाना, दगडी घर. सुंदरबाई एकटी निघून तिथे गेली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्या घरच्या मोठ्या सुनेकडे सासऱ्याने पाण्याचा तांब्या मागितला. त्याचा हात पुढे येताच सून डोळे मिटून मागे सरली. सुंदरबाईने पुढ्यात आलेला चहा तसाच ठेवला आणि स्टेशन गाठलं.

पुढच्या वर्षी यावलच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं. सुंदरबाई तिथे पोचली तेव्हा त्याची आई त्याला सगळ्यांसमोर झापत होती आणि तो हसत डोकं खाजवत होता. सुंदरबाई त्या घरी दोन दिवस राहिली. निघायच्या आधीच तिने ताईबाईला निरोप पाठवला, पोरीला इथे देऊ.