चाकाला लागलेला हात

भट्टीचा धूर नाकात गेला की माझं डोकं अजून तापतं. आमच्या कुंभाराच्या घरी माती मी तुडवायची, खडे मी वेचायचे, पण चाकाला बाईचा हात लागायचा नाही. एकदा वडील द्वारका चौकात माठ विकायला गेले असताना मी चाकावर गाडगं घडवलं. परत आल्यावर ते गाडगं बघून भावाला म्हणाले, "आता जमलं रे तुला!" मी म्हटलं, "बाबा, माझं हाय ते." त्यांनी ओलं गाडगं मातीत फेकलं. "चाक बाटवलं भवानीनं! तुडव आता." माझंच गाडगं मी तुडवलं. पुढे भाऊ सातपूरला कारखान्यात लागला. हात थरथरायला लागल्यावर वडील म्हणाले, "बस गं चाकावर, शिकवतो." मी म्हटलं, "मला तुडवायचंच शिकवलंय तुम्ही." त्याचा पस्तावा नाही. पण घरचं चाक बंद पडलं, नि आज बाजारातल्या माठाचं पाणी पिताना संताप होतो.