नुसता हात लाव

हसनाबादच्या धर्मराजची जीप धक्क्याशिवाय चालू होत नसे, आणि तो धक्का मिळाल्याशिवाय धर्मराजचाही दिवस चालू होत नसे. एके काळी ही जीप भोकरदनच्या रस्त्यावर माणसं वाहायची. मावतील तेवढी आत, न मावणारी मागं लटकलेली, आणि खुद्द मालक अर्धा दाराबाहेर. पुढं घरोघर मोटारसायकली आल्या. माणसं उतरली ती उतरलीच. मग बायको सगुणाबाई गेली. आता घरात धर्मराज आणि दारात जीप, दोघंही पार्किंगला.

जीपची लक्षणं मात्र राजेशाही होती. हॉर्न वाजवला की दिवे मान टाकत. उजवीकडचा इंडिकेटर दिला की वायपर अर्धा उठून थांबे. वर्गात बाहेर जायची परवानगी मागणाऱ्या पोराचा हात जसा. आणि किल्ली फिरवली तर आतून नुसतं 'टक्'. गावानं निदान केलं, बॅटरी गेली. नवी बॅटरी आणली, तीही टक् म्हणाली. मग कुणीतरी नजर लागल्याचं शोधून काढलं. तसल्या रूपाला नजर लावणारा माणूस कोण असेल याचा विचार न करता धर्मराजनं लिंबू-मिरची बांधली. मिरच्या वाळल्या, जीप होती तशीच राहिली.

रोज सकाळी गल्लीतली माणसं दात घासत घासत बाहेर येत, उरलेल्या हातानं जीप ढकलत. ती खोकत खोकत चालू झाली की धर्मराजच्या ओसरीत सगळ्यांना चहा. सगुणाबाईच्या वेळेपासूनचा हा रिवाज. धर्मराजच्या हातचा चहा म्हणजे उकळलेली गल्ली. पण माणसं तोंड वाकडं न करता पीत आणि त्याची भरपाई जीपला शिव्या देऊन करत. शेजारचा रामराव यात सगळ्यांच्या पुढं. "हिच्यापरीस म्हैस बरी," तो म्हणायचा, "ढकलली तर शिंग तरी मारती."

कोपऱ्यावरचा वायरिंगवाला देवानंद कधीचा सांगत होता, काका, बोनेट उघडून बघू द्या. धर्मराज टाळायचा. जीप दुरुस्त झाली तर सकाळी दारात कोण येणार, हे त्याला बराबर कळत होतं.

पण माणसं कमी होत गेली. कुणी जालन्याला कंपनीत लागला, कुणी पोराकडं गेला. शेवटी ढकलायला रामराव एकटा उरला, आणि एका सकाळी ढकलता ढकलता त्याच्या कमरेत उसण भरली. दुसऱ्या दिवशी तो कमरेला पट्टा आवळून पुन्हा हजर. धर्मराजनं नको नको म्हणून पाहिलं. रामरावनं ऐकलं नाही. त्यालाही सकाळी दुसरीकडं जायला जागा नव्हती.

त्याच दुपारी धर्मराज देवानंदला घेऊन आला.

देवानंदनं बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर सोडली. बोल्टाखाली हिरवी-पांढरी भुकटी साचलेली, वायर आतून भुगा झालेली. इंजिनची वायर तर हातात तुटूनच आली.

"बॅटरी चांगलीच व्हती, काका," तो म्हणाला. "करंट जाऊन राह्यला, पण त्याला माघारी यायला वाटच न्हाई."

देवानंदनं रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासला, नव्या जाड वायरी बोल्टात घट्ट पिळल्या, वरून ग्रीस चोपडलं. किल्ली फिरवताच जीप धडाडली. वायपरही गप बसला.

दुसऱ्या सकाळी ती अशीच एका दमात चालू झाली. गल्लीत कुणी मान वळवून पाहिलं नाही. सवयीनं धर्मराजनं पातेलंभर चहा टाकला होता. किटलीत ओतून तो रामरावच्या दारी गेला, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, त्याचा पोरगा सुमित काल संध्याकाळीच बापाला जालन्याला घेऊन गेला. कमरेचं काही खरं नाही, आता तिकडंच ठेवणार.

चहा दुपारपर्यंत किटलीत तसाच होता.

पुढचे कित्येक दिवस धर्मराज सकाळी जीप चालू करी, थोडी ऐकत बसे आणि बंद करी. बंद करता करताच एकदा त्याच्या लक्षात आलं की आता ही कुठंही बंद करता येते. इतकी वर्षं तो परगावी गेला नव्हता. तिथं धक्का द्यायला आपलं कोण? तो उठला आणि सगळ्या सीटा रिकाम्या घेऊन जालन्याला निघाला.

रामराव सुमितच्या इमारतीखाली बाकड्यावर बसलेला होता. दोघांनी कमरेची, पावसाची, सोयाबीनची चौकशी केली आणि चौकशा संपल्यावरही बसून राहिले. परत येतो का, हे धर्मराजनं विचारलं नाही. ऊन उतरलं तसा तो उठला. रामरावही पट्टा सावरत उठला आणि जीपच्या मागं जाऊन उभा राहिला.

"लावू का धक्का?"

किल्ली धर्मराजच्या हातात होती. वायरी नव्या होत्या.

"धक्का नको," तो म्हणाला. "नुसता हात लाव."

रामरावनं मागच्या पत्र्यावर दोन्ही तळवे टेकले. धर्मराजनं किल्ली फिरवली.

"पाह्य," मागून आवाज आला, "झाली का न्हाई."

"झाली ना, गड्या," धर्मराज म्हणाला, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत आरशात बघत राहिला. मग आरशात नुसत्या सीटा उरल्या, पार हसनाबादपर्यंत.