इंचाला पन्नास

कुरिअरवाल्यानं हाक मारली तेव्हा उषाबाईंचे हात कणकेत होते. मनगटानंच कडी सरकवून त्यांनी डबी घेतली. पेढ्याच्या पुड्याएवढीही नव्हती ती. एवढ्याशा वस्तूवर आतला माणूस आठ दिवस डोळे लावून बसला होता.

"आलं का?" आतून आवाज आला.

"आलं. हात तर धुऊ द्या."

"बराबर चारचंच आहे ना? वाच आधी."

उषाबाईंनी डबीवरचा आकडा वाचून दाखवला. चार मिलिमीटर. दुर्बिणीच्या ज्या भिंगाला डोळा लावून बघतात ते आयपीस. आकडा जितका लहान तितकी वस्तू मोठी दिसते, एवढं उषाबाईंना तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. दिवाळीपासून हे तिसरं. आधी पाच आलं, मग साडेचार, आता चार.

उषाबाईंचे यजमान पुंजाराम सर मूळचे धावड्याचे. अंबडच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी परसात डांबराचं रिकामं पिंप उभं केलं, त्यावर जाड काच ठेवली, काचेवर दुसरी काच, आणि मधे कुरुंद दगडाची खरखरीत पूड घालून घासायला बसले. बसले कसले, पिंपाभोवती फेऱ्या मारायला लागले. उषाबाई चमच्यानं पाणी सोडायच्या. शेजारणी कुंपणावरून विचारायच्या, "काय वो, सर कोणचं पीठ दळून राह्यले?" अकरा महिन्यांनी त्या दळणातून सहा इंची आरसा निघाला, आणि डिसेंबर १९९५ मध्ये त्या आरशातून सरांनी पहिल्यांदा शनी पाहिला.

नेमकी त्या वर्षी शनीची कडी धारेवर होती, त्यांची पातळ कड आपल्याकडे. गोळ्याच्या आरपार नुसती एक रेघ. गच्चीवर जमलेली पोरं हिरमुसली. "सर, पुस्तकात तर एवढी मोठी कडी हायेत." सर म्हणाले, "पुस्तक पुस्तकाच्या जागी. तुला काय दिसलं ते सांग." निरीक्षणांच्या वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिलं गेलं: शनी. कडं नाही, रेघ. त्यांचा नियमच होता तो. ऐकलेलं लिहायचं नाही, वाचलेलं लिहायचं नाही, दिसलेलं लिहायचं.

शनीची सूर्याभोवती एक फेरी व्हायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. ती आता पुरी झाली होती. मधे एकदा कडी धारेवर आली होती, पण ती अर्ध्या वाटेवर. आता शनी जवळपास त्याच ताऱ्यांपाशी परतला होता आणि पुन्हा तीच रेघ झाली होती. वहीच्या शेवटच्या पानावर ती रेघ लिहायची, एवढंच सरांना हवं होतं. स्वतःच्या डोळ्यानं पाहून.

आणि डोळाच राहिला नव्हता. उजवा चार वर्षांपूर्वी गेला. डाव्याच्या पडद्यावर, अगदी मधोमध, उन्हाळ्यात डाग पडला. दर महिन्याला संभाजीनगरला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, येताना एसटीत डोळ्यावर पट्टी. मागच्या खेपेला डॉक्टरांनी उषाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "हा डोळा पुढचा उन्हाळा काढेल असं वाटत नाही." सरांना कडेकडेचं दिसायचं. दाराची चौकट दिसायची, दारात उभा माणूस नाही. उषाबाईंचा पदर दिसायचा, चेहरा नाही.

चार मिलिमीटरचा हट्ट त्यातूनच निघाला होता.

"हे बघ," त्यांनी एका सकाळी ताटलीत वाटी ठेवून समजावलं होतं. "वाटी म्हणजे माझा डाग. डाग तेवढाच राहणार. शनी लहान असला की पूर्ण वाटीखाली जातो. पण मी त्याला ताटलीएवढा केला, मंग? दोन्हीकडून रेघेची टोकं बाहेर येतील का न्हाई?"

बोलणं पटण्यासारखं होतं. म्हणून उषाबाई जास्तच घाबरल्या. कारण त्याच गच्चीवर, त्याच माणसानं शेकडो पोरांना बजावलेलं त्यांच्या कानात होतं: आरशाच्या एका इंचाला पन्नास पट. सहा इंचाला तीनशे. त्याच्यावर गेलात तर नुसता फुगा. मोठा होईल, आत काही राहणार नाही. चारचं आयपीस म्हणजे या दुर्बिणीत बरोबर तीनशे, अगदी काठावर. आणि तेही हवा स्थिर असली तर.

दुपारी चार वाजता उषाबाईंनी गच्चीवर सात बादल्या पाणी मारलं. दिवसभर तापलेल्या स्लॅबमधून संध्याकाळी वाफ उठते आणि दुर्बिणीत सगळं थरथरतं, म्हणून. शेजारच्या गच्चीवर मिरच्या गोळा करणारे काकासाहेब कठड्याशी आले. त्यांचं खताचं दुकान, तोंड मोकळं.

"वहिनी, सडा घालून राह्यल्या का? शनी जेवायला येणार हाय?"

"आला तर तुमच्याकडं पाठवते. आमच्याकडं भाकरीच आहे."

काकासाहेब हसले, मग आवाज खाली आणला. "एक सांगू का? आमच्या घरात म्हणतेत, सरांनी आयुष्यभर शनीकडं नजर लावली, म्हणून त्यानं नजर नेली. शनिवारी तेल वाहून पाहा की."

"तेल मीच वाहते दर शनिवारी, भावजी. सर नको म्हणतात तरी." उषाबाईंनी बादली उपडी घातली. "त्यानं काही ऐकलेलं न्हाई."

 काकासाहेब मिरच्यांचं घमेलं उचलून जिना उतरले, आणि अंधार पडताच न सांगता आपल्या गच्चीवरचा दिवा बंद केला.

साडेसातला उषाबाईंनी शनी धरला. नळी हाताने ढकलायची, नळीवरच्या लहान दुर्बिणीतून नेम धरायचा, मग आयपीसला डोळा. चारच्या आयपीसचं भिंग मोहरीच्या दाण्यासारखं, पापणी टेकल्याशिवाय आतलं दिसेना. आत शनी होता खरा. मोठा होता, पिवळट होता, आणि उकळत्या पाण्यात सोडलेल्या बलकासारखा हलत होता. मधेच क्षणभर सगळं थांबायचं, आणि तेव्हा गोळ्याच्या दोन्ही अंगांना सुईसारखी रेघ उभी राहायची. लगेच मोडायची.

"आहे," त्या बाजूला झाल्या. "लवकर बघा. चाळीस मोजेपर्यंत निघून जातो."

सर स्टुलावर बसले. चष्मा काढून खिशात ठेवला. उषाबाई मोजत राहिल्या. एकतीस, बत्तीस.

"गेला का?"

"गेला. आणते."

पुन्हा आणला. पुन्हा चाळीस. सरांच्या श्वासानं भिंगावर वाफ धरली, ती पुसली. डोळ्यातून पाणी यायला लागलं, तेही पुसलं. आठ वेळा झालं.

"फिकट आहे गं. मोठा होतोय पण फिकट होतोय." सरांचा हात आयपीसवरून सुटेना. "आणखी लहान असतं ना? तीनचं? फोनमध्ये बघ बरं, आत्ताच मागव."

उषाबाईंनी फोन हातात घेतला नाही. "इंचाला पन्नास कोण म्हणायचं?"

सरांनी भिंग पुन्हा एकदा पुसलं. खाली रस्त्यावरून कापसाचा ट्रॅक्टर गेला.

"ते मी पोरांना सांगत होतो," ते म्हणाले. "पोरांचे डोळे चांगले होते."

 उषाबाईंनी नळी ढकलली आणि नवव्यांदा शनी मधोमध आणला. "सरळ बघू नका. वर बघा, आतल्या वर्तुळाच्या काठाकडं. अंधुक तारा बघायला पोरांना सांगायचात तसं."

सरांनी मान न हलवता नजर वर नेली. दहा. पंधरा. बावीसला ते ताठ झाले.

"आहे. उषा, आहे. रेघ आहे. थांब, तू सांगू नकोस. मी सांगतो, तू ताळा कर. डावं टोक खाली, उजवं वर. बराबर?"

उषाबाईंनी डोळा लावला. शनी काठाला पोचला होता. एकदाच हवा थांबली आणि रेघ स्वच्छ दिसली. डावं टोक वर होतं. उजवं खाली.

शनी काठापलीकडे गेला तरी त्यांनी डोळा काढला नाही.

"काय गं?"

"निघून गेला. परत आणते."

त्यांनी परत आणला. सर पुन्हा बसले, नजर पुन्हा काठाकडे. उषाबाईंनी या वेळी मोठ्यानं मोजलं नाही. चाळीस झाले, साठ झाले. सर स्टुलावरून उठले, चाचपडत कठड्यापर्यंत गेले आणि त्याला टेकून उभे राहिले.

"वही आण."

त्यांनी बॅटरी पेटवून शेवटचं पान उघडलं. सरांनी तारीख सांगितली, वेळ सांगितली, आयपीस चार. मग म्हणाले, "लिही. शनी. मला दिसला नाही."

"मघाशी तर म्हणालात—"

"मघाशी मला हवं होतं ते म्हणालो. लिही."

उषाबाईंनी लिहिलं. अक्षर वाकडं गेलं.

"खाली लिही, उषाला दिसला. तुला दिसला ना? रेघ कशी होती?"

आता सुटका नव्हती. "डावं टोक वर," त्या म्हणाल्या. "उजवं खाली."

सरांनी मान हलवली. हवेत बोटानं दोन तिरक्या रेघा ओढल्या, आधी आपली, मग तिची.

"तसंच लिही," ते म्हणाले. "आणि हे चारचं उद्या परत पाठव. आपलं जुनं सहाचं लावून ठेव. तुला त्यात जास्त ठळक दिसेल."