टावेलाखालचा हात

चहा आधी संपवा, मग ऐका. घोट तोंडात असला तर ठसका लागंल. माझी फजिती सांगतोय, आन् ती बी अशी की जागा असतो तर झालीच नसती!

मी कळंबच्या बाजारात गुरांचा दलाल. आमच्यात भाव तोंडानं बोलत न्हाईत. टावेलाखाली हातात हात घ्यायचा आन् बोटं धरून भाव सांगायचा, आधी दहा हजारांची बोटं, मग सुट्या हजारांची. पटला तर दाबायचा, न्हाय पटला तर हात ढिला सोडायचा. एकदा दाबला की सौदा पक्का. मग कुणाच्या बापाला मोडता येत न्हाय.

तर पित्ताशयात खडे झाले, आन् धाराशिवला एका दवाखान्यात भरती झालो. खाटंला पाटी लावली, 'एनबीएम'. भूल देणाऱ्या मॅडम आल्या, आमच्या लेकीच्या वयाच्या.

"मॅडम, हे काय लिवलंय?"

"तोंडानं काही घ्यायचं नाही, मामा. पाणीसुद्धा नाही."

"आन् कागदावर हे जीए?"

"पूर्ण भूल. घशात नळी घालणार, श्वास मशीन देणार. आता नीट ऐका. ऑपरेशन झालं की मी म्हणेन, हात दाबा. जोरात दाबलात तर ताकद आली असं समजून नळी काढू. नाही दाबलात तर नळी तशीच ठेवून आयसीयूत न्यावं लागेल."

"एवढंच व्हय? आवो मॅडम, हात दाबण्यातच हयात गेली माझी!"

असं म्हणलो बघा. आता कुठं तोंड लपवू?

तोंडावर मास्क आला. "मोठे श्वास घ्या." दोन घेतले. तिसरा कुणी घेतला, मला ठाव न्हाय.

आन् काय सुख होतं म्हणता ते! बाजार भरलेला, पण गलका न्हाय. गुरं चालत्यात, पण धूळ उडत न्हाय. सगळीकडं कोवळं हिरवं ऊन. लांब कुठंतरी एक बैल संथ श्वास सोडतोय, फुस्स... फुस्स... (ते मशीन होतं, मागून कळलं.) माझ्याजवळ आमची चांदी गाय उभी. घरची गाय, बाजारात कधी नेली न्हाय, पर सपनात आली खरी. तिच्या पाठीवर हात ठेवून मी नुसता उभा. गुडघं दुखंनात, पोट दुखंना. वाटलं, आता कुठं जायचंच न्हाय.

तेवढ्यात कुणीतरी टावेलाखाली माझ्या हातात दोन बोटं दिली.

"मामा, दाबा!"

दोन बोटं? दोन बोटांत चांदी मागतोय? लाज हाय का? म्या हात ढिला सोडला.

"मामा, जोरात दाबा! ऐकू येतंय ना?"

एवढी घाई करणारं गिऱ्हाईक लबाडच असतंय. म्या आणखी ढिला सोडला.

आता खरं काय चाललं होतं ते ऐका. मला थंडी वाजंल म्हणून हातावर चादर टाकलेली, आन् मॅडम चादरीखालून बोटं देऊन ताकद बघत होत्या. माझं डोळं उघडं, श्वास चालू, बोटावरच्या चिमट्यात ऑक्सिजनचा आकडा झकास, आन् गडी हात काय दाबंना! मॅडमला घाम फुटला. थांबून पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. शेवटी आयसीयूत खाट तयार ठेवायला सांगितली, आन् ओळखीच्या आवाजानं तरी दाबतील म्हणून बायकोला आत बोलवलं.

ती आली ती रडतच. "आवो, हात दाबा की वो! असं काय करताय?"

मी ढिम्म.

मग तिचं ध्यान चादरीकडं गेलं. चादरीखालचा मॅडमचा हात बघितला, आन् रडणं तिथंच थांबलं.

"मॅडम, तुमी किती बोटं देताय?"

"दोन. का हो?"

"सरका तिकडं. दोनात ते मरंपर्यंत दाबायचे न्हाईत."

सपनात मला नवीन गिऱ्हाईक आलं. हात खरबरीत, ऊबदार. पहिल्यांदा चार बोटं धरली, मग एक. रास्त बोली! जिवावर आलं हो, चांदीकडं बघून गलबलून आलं. पर दाबला. असा दाबला की बायकोच्या दोन बांगड्या वाढल्या!

"ताकद आली!" मॅडम वरडल्या. नळी निघाली, मी खोकलो, आन् बायको पुन्हा रडाया लागली.

संध्याकाळी वार्डात तिनं हे सगळं सांगितलं. मला लई भरून आलं. हळूच इचारलं, "तुला बोटांची भाषा कुणी शिकवली गं?"

"तुमीच. झोपेत रोज माझा हात धरून, भाव बडबडत बाजार करताय. लगीन झाल्यापासनं ऐकतेय."

म्या हात चादरीखाली लपवला.

"आन् एक ध्यानात ठेवा," ती म्हणली. "चांदी आता माझी. हात दाबलाय तुमी."

"आगं, बेशुद्धीतला सौदा कुठं खरा असतोय?"

दारात मॅडम उभ्या होत्या. हसू दाबत म्हणल्या, "नाही मामा. तुम्ही शुद्धीवर होता, असं मी स्वतः कागदावर लिहिलंय."

झालं! तवापासनं गाय तिची, दूध तिचं. शेण काढायला तेवढा मी.